जांभळीखालचा पाऊण तास

धर्मा,

तू गेलास आणि माझी मोठी पंचाईत करून गेलास. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या एका गोष्टीचा खरा साक्षीदार एकच होता, तोच उठून चालता झाला. आता मी खरं बोललो तरी ते खरं आहे असं सांगणारा कोणी उरला नाही. माझी ख्याती तुला ठाऊक आहे. शहापुरात भाताची नि पिठाची गिरणी चालवतो, पण लोक दळायला कमी आणि ऐकायला जास्त येतात. माझ्या विहिरीतला मासा ओढायला बैलजोडी लागली होती, माझ्या परसातल्या फणसाच्या सावलीत एसटी उभी राहायची, हे सगळं लोकांनी ऐकलंय, हसलेत आणि पीठ घेऊन घरी गेलेत. त्यात माझं कधी काही बिघडलं नाही. बिघडलं ते तुझ्या दहाव्याला.

दहाव्याला नदीवर सगळे बसले होते. कुणी तुझ्या शेताबद्दल बोललं, कुणी तुझ्या अबोलपणाबद्दल. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण आपण साडू, आणि शर्यतीची गोष्ट सांगावी ती मीच. मी उठलो आणि सांगितलं की आजवर सांगितलेली गोष्ट खोटी आहे. मी धर्माला उचललं नव्हतं. धर्मा माझ्यासाठी थांबला होता. झालं. आधी एकजण हसला, मग दुसरा, मग पिंडाला कावळा शिवायची वाट बघणारे भटजीसुद्धा हसले. तुझा चुलतभाऊ मला म्हणाला, "गिरणीवाले, आज तरी सोडा." त्यांना वाटलं, ही नवी थाप.

एकटी वनिता हसली नाही. तुझी पोर लांब बसून माझ्याकडे बघत होती.

तेव्हा आता लिहूनच काढतो. तू वाचणार नाहीस, तू जिवंत असतानाही वाचत नव्हतास. तरी तुलाच सांगतो, कारण चूक झाली तर टोकायचा अधिकार तुझाच.

सुरुवात माझ्या तोंडानं झाली, हे आधी कबूल. दिवाळीला आपण दोघं सासुरवाडीला होतो. गावात एसटीडीचा पिवळा डबा नुकताच आला होता आणि त्यावरून कुणीतरी बातमी आणली की मुंबईची डोंगर चढणारी मंडळी धसईला शर्यत भरवणार आहेत. बाजारातून निघायचं, तुझ्या वाडीवरून खिंड चढायची, पलीकडं उतरायचं आणि डोंगराला वळसा मारून परत बाजारात. एकवीस किलोमीटर. याला अर्धी मॅरेथॉन म्हणतात असं कळल्यावर तू विचारलंस, "उरलेली अर्धी कोन पळनार?" सासरे हसले. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की शाळेत असताना मी शहापूर ते खर्डी पळत जायचो, आणि एकदा तर मालगाडीच्या आधी पोचलो होतो. सासरे म्हणाले, मग पळा. थोरली, म्हणजे माझी बायको, पदर तोंडाला लावून हसत होती. धाकटी, म्हणजे तुझी, हसत नव्हती. तिला कळलं होतं की पहिल्या बक्षिसाला शिलाई मशीन आहे. तालुक्यातल्या कुणा पुढाऱ्यानं ठेवलेलं. ती तुझ्याकडे बघत होती आणि तू जमिनीकडे.

तर मी पळणार होतो तोंडामुळे आणि तू मशीनसाठी. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणाचं काय गेलं ते नीट कळेल.

मला पळायला शिकवलंस ते आठवतंय? मी दर रविवारी एसटीनं मुरबाड, तिथून धसई, तिथून वाडीवर. पहिल्या रविवारी मी पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट घालून आलो. तू बुटांकडे बघितलंस आणि माझ्या खांद्यावर कावड ठेवलीस. बांबूच्या दोन टोकांना दोन टोपल्या, एकीत वांगी, एकीत काकड्या. म्हणालास, "चला बाजारात." मी म्हटलं, अरे पळायला शिकव, भाजी विकायला नको. तू पुढं निघालासही.

कावड घेऊन सावकाश चालताच येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बांबू वरखाली झुलतो, आणि त्याच्या झोक्यात पाय टाकले नाहीत तर तो खांदा सोलून काढतो. छोटी छोटी पावलं, गुडघा थोडा वाकलेला, दुडकी चाल. तू जन्मभर तसाच चालत आलास, रोज सात किलोमीटर डोंगर उतरून बाजारात. लोक त्याला चालणं म्हणायचे. माझा पहिला दिवस म्हणजे काकड्या रस्त्यात, वांगी ओढ्यात, आणि मी करवंदीच्या जाळीत. खांद्यावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. (गिरणीत मी ते नारळाएवढं सांगतो. लिंबाएवढंच होतं.)

आणि त्याच रविवारी मी जांभळीखाली पहिल्यांदा बसलो.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. धसईच्या बाजाराच्या अलीकडं, हाकेच्या अंतरावर, रस्त्याला लागून जांभूळ आहे. वाडीवरनं निघालेले कावडवाले तिथं आले की कावड उतरवायचे आणि बसायचे. बाजार समोर दिसतोय, व्यापारी हात करतोय, तरी बसायचे. मागचा शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी पुढं जायचं नाही. मी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की जो एकटा पुढं शिरतो त्याला व्यापारी धरतो, त्याच्याकडनं भाव पाडून घेतो, आणि मग तोच भाव सगळ्यांच्या गळ्यात पडतो. म्हणून वाडीवरनं जेवढे निघाले तेवढे एकदम शिरायचे. तुझ्या बापाच्या आधीपासूनची रीत. मी म्हटलं, एखादा म्हातारा दोन तास मागं असला तर? तू म्हणालास, "मंग दोन तास." आणि तंबाखू मळायला घेतलीस.

शर्यतीच्या दिवशी चाळीसेक माणसं होती. मुंबईची, कल्याणची, चार-पाच आपल्याकडची. त्यांनी छातीवर लावायला आकड्याचं कापड आणि चार टाचण्या दिल्या. नव्या बनियनला भोकं पडतील म्हणून धाकटीनं तुझं कापड तिथंच उभ्या उभ्या सुईदोऱ्यानं शिवलं. तू हात वर करून उभा होतास, शिंगांना शेंब्या घालताना बैल उभा राहतो तसा. पायात टायरच्या चपला. शिट्टी झाली आणि तू निघालास, आणि तुझा उजवा हात आपोआप खांद्यावर गेला. कावड नव्हती, पण हात तिथंच धरलेला, कोपर वर. कर्णा घेतलेला आयोजक ओरडला की हात खाली सोडा, नंबर तेवीस, दोन्ही हात हलवा. तू ऐकून घेतलंस, हात सोडलास, दहा पावलं वेडावाकडा पळालास, आणि पुन्हा खांद्यावर ठेवलास. त्याबरोबर चाल लागली. पहिल्या वळणापर्यंत तू कल्याणच्या पोरांना मागं टाकलं होतंस. त्यानंतर मला तुझी पाठ दिसली नाही.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण यात कौतुकासारखं फारसं नाही. वाडीपर्यंत मी रुबाबात होतो. खिंडीच्या चढाला लागल्यावर बुटानं टाच सोलली. अर्ध्या चढावर माझा श्वास माझ्या पुढं पळत होता आणि मी त्याला थांब थांब म्हणत होतो. माझ्या घामानं खालच्या खाचरात लावणीपुरता चिखल झाला असता, हे मी गिरणीत सांगतो आणि त्यावर ठाम आहे. खिंडीत एक म्हातारी लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. मला म्हणाली, "कोन मेलाय का रं, एवडा पळतस?" मी म्हटलं, शर्यत आहे आजी. तिनं विचारलं, तो कावडवाला पन त्यातलाच का. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "त्यो मघाच गेला. तू आता रातीला पोचशील." आणि भारा घेऊन ती माझ्यापुढं उतरायला लागली. ती मला किती वेळ पुढं दिसत राहिली हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बराच वेळ.

शेवटचे तीन किलोमीटर मी पळत नव्हतो आणि चालतही नव्हतो. फक्त एकच हिशेब डोक्यात होता. गिरणीतल्या लोकांना काय सांगायचं. साप आडवा आला सांगावं, की कुणा बाईला विहिरीतनं काढली सांगावं. एवढ्यात जांभूळ दिसली.

तू खाली बसला होतास.

वाटलं, पडला. जवळ आलो तर तू तळहातावर तंबाखू मळत होतास आणि घाम वाळून बनियनवर मिठाची पांढरी नक्षी उठली होती. समोर शंभर-सव्वाशे पावलांवर लाल फीत, ढोल, माणसं. रस्त्याच्या पलीकडे दोन गावकरी घसा बसेपर्यंत ओरडून दमून गप झालेले. धाकटी फितीपाशी उभी. ती ओरडत नव्हती.

तू मला बघितलंस आणि विचारलंस, "चुना हाय का?"

मी म्हटलं, धर्मा, तू इथं काय करतोस. तू म्हणालास, "तुमी मागं व्हता ना." एवढंच, जसं काही मी विचारायला नको होतं.

मग उठलास, मागनं माझ्या पाठीला हात लावलास आणि म्हणालास, पुढं व्हा. आपण फितीतनं गेलो तेव्हा मी सव्विसावा आणि तू सत्ताविसावा. त्यांच्या वहीत आजही तसंच असेल. मशीन कल्याणच्या एका पोरानं उचललं. तो तुझ्यासमोरून गेला होता, आणि त्याच्यामागून आणखी चोवीसजण, एकेक करून, पाऊण तासभर, आणि तू प्रत्येकाला जाताना बघत बसला होतास.

आता माझं.

चहाच्या टपरीवर लोकांनी मला घेरलं. काय झालं, तुमचा साडू बसला का. मी तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते आलं. म्हटलं, बिचारा शेवटी गळाला हो. मी हात दिला. एवढंच म्हटलं त्या दिवशी, हात दिला. दुसऱ्या आठवड्यात गिरणीत मी तुला उभं करून आधार देत आणलं होतं. शिमग्यापर्यंत खांद्यावर घेतलं. पुढच्या वर्षी एक किलोमीटर वाहून आणलं, मग दोन. तू शहापूरला यायचास, गिरणीच्या पोत्यावर बसायचास, लोक म्हणायचे सांगा ना ती गोष्ट, आणि मी तुझ्या तोंडावर सांगायचो. तू एकदा, फक्त एकदा मध्ये बोललास. लोक गेल्यावर म्हणालास, "गिरणीवाले, मागल्या येळंला एकच किलोमीटर व्हता." मी इतका हसलो की गिरणीचा पट्टा सुटल्याचं कळलं नाही. तूही हसलास.

यावर आपला वाद असायचा, पण तो माझ्या खोटेपणावरून कधीच नव्हता. माझा वाद दुसराच. मी म्हणायचो, तू माझ्यासाठी बिझ्यासाठी काही थांबला नाहीस, तुझे पाय जांभळीला सवयीनं थांबले. बैल घराच्या दाराशी थांबतो तसे. कळल्यावर उठायची तुला लाज वाटली. तू म्हणायचास, असंल. मी म्हणायचो, मग हो म्हण. तू म्हणायचास, असंल म्हटलं ना. पंधरा-सोळा वर्षं तू मला या असंलच्या पुढं जाऊ दिलं नाहीस. कारण उघड आहे, मला ते सवयीवर ढकलायचं होतं. सवयीचे आभार मानावे लागत नाहीत.

हे सगळं हसण्यावारी राहिलं असतं. पण गेल्या वर्षी वनिता पोलीस भरतीला गेली. तू आणि मी मैदानाच्या जाळीबाहेर उभे होतो. पोरगी चांगली पळत होती, तुझीच दुडकी चाल, आणि शेवटच्या फेरीत, फेरी जेमतेम अर्धी उरली असताना, ती बाजूला झाली आणि खाली बसली. बाहेर आल्यावर रडली नाही. बूट सोडता सोडता तुझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे बाबा. शेवटाला बसायचं आपल्या घरातच हाय."

ती माझ्याकडनं शिकली होती ते. माझ्या मांडीवर बसून ऐकली होती ती गोष्ट.

तू माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. तू बघितलंस ते असं, की बाजारात माझं माप तुझ्यासमोर कमी भरलं आणि तू ते लोकांत बोलणार नाहीस. परतताना एसटीत मी म्हटलं, सांगतो तिला. तू म्हणालास, "आता सांगून ती म्हनंल, काका समजूत काढतात." मग खिडकीबाहेर बघत म्हणालास की तुमची गोष्ट लोकांना आवडते, मोडू नका. इथं मी बोलायला हवं होतं, धर्मा. एवढं तोंड दिलंय देवानं, ते तेवढ्याच वेळी बंद राहिलं. वर्षभर आज सांगू उद्या सांगू केलं, आणि तू गेलास.

म्हणून दहाव्याला उठलो. आणि हसं झालं.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी वनिता गिरणीवर आली. एकटी, एसटीनं, दोन गाड्या बदलून. मी गिरणी बंद केली. आजवर भर बाजाराच्या दिवशी मी गिरणी बंद केलेली नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. ती तुझ्याच पोत्यावर बसली.

म्हणाली, "काका, खरं सांगा. बाबा बसले तवा तुमी किती मागं व्हता?"

मी म्हटलं, पाऊण तास.

"पाऊन तास?"

"पाऊण तास. आणि लाकडाचा भारा घेतलेली एक म्हातारी माझ्यापुढं होती."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी आणखी काही बोललो नाही, आणि बोलायचं नाही हे मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. मग ती म्हणाली, "तुमच्या एकाबी गोष्टीत तुमी कदी हरला नाय. म्हंजे ही खरी आसंल."

मी मान हलवली. तिनं विचारलं, बाबा सवयीनं थांबले की तुमच्यासाठी. मी म्हटलं, पहिली पाच-दहा मिनिटं सवयीनं थांबला असेल, गो. पण सव्वाशे पावलांवर बक्षीस दिसत होतं, तुझी आई दिसत होती, पंचवीस माणसं समोरून गेली. एवढा वेळ सवय टिकत नाही. त्यानंतर तो माझ्यासाठीच बसला होता. हे वाक्य मी तुला इतक्या वर्षांत दिलं नाही. तिला दिलं.

ती तोंड फिरवून रडली. मी चहा मागवला, तिनं तो गार करून घेतला. तिची पुन्हा भरती आहे, पुढच्या महिन्यात. उठताना पोत्यावरचा कोंडा झटकला आणि मला बजावलं, "काका, आता ही वाढवू नका. हाय तेवडीच ऱ्हाऊ द्या."

मी शब्द दिला.

धर्मा, फार जड आहे रे हे. काल एक गिऱ्हाईक भात भरडायला आलं, म्हणालं, ती उचलल्याची गोष्ट सांगा. मी सांगितली. जांभूळ, तंबाखू, पंचवीस माणसं, पाऊण तास. जिभेवर दहा वेळा पाऊण तासाचे दोन तास झाले, दहा वेळा गिळले. तो ऐकत राहिला, मग कंटाळून म्हणाला, "पुढं?"

मी म्हटलं, "पुढं काही नाही. तो थांबला होता, म्हणून मी पोचलो."